रात्री साडेआठनंतरचं रक्त

हत्तीरोगासाठी काचपट्टीवर रक्त घ्यायचं तर ते दिवसा घेऊन उपयोग नाही. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसभर फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांत दडून राहतात आणि क्युलेक्स डास चावायला निघतात त्या सुमाराला बोटाच्या टोकापर्यंत येतात. म्हणून तामलवाडीत आरोग्य पथकाबरोबर फिरलो ते जेवणं उरकण्याच्या वेळेला. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर टोलनाक्याकडे गाड्यांची ये-जा चालू होती; आत गल्लीत मात्र अंथरुणं पडायला लागली होती. धाराशिव आणि सोलापूर हे दोन्ही जिल्हे राज्याच्या हत्तीरोगग्रस्त यादीतले.

काम बघायला साधं. स्पिरिटच्या बोळ्यानं बोट पुसायचं, ते वाळू द्यायचं, मग सुई टोचायची. पहिला थेंब टिपून टाकायचा. पुढचं रक्त काचपट्टीवर जाडसर पसरायचं आणि पट्टीवर नंबर घालायचा. नंबर चुकला तर एकाच्या गोळ्या दुसऱ्याला जायच्या, म्हणून कर्मचारी तो तोंडानं म्हणत वहीत उतरवत होता. दुसऱ्या दिवशी वाळलेली पट्टी पाण्यात धरली की लाल रंग धुऊन जातो, मग रंग देऊन ती सूक्ष्मदर्शकाखाली जाते. कृमीचं पिल्लू पाव मिलिमीटरच्या आसपास. अंगावर पातळ आवरण, आत जांभळ्या ठिपक्यांची रांग, आणि शेपटीचं टोक ठिपक्यांविना मोकळं. त्या मोकळ्या टोकावरून हा बँक्रॉफ्टी, मलायी ही दुसरी जात नव्हे, हे ठरतं.

ज्याच्या रक्तात अशी पिल्लं ढिगानं सापडतात तो माणूस बहुधा धडधाकट असतो, आणि ज्याचा पाय सुजून जड झालाय त्याच्या रक्तात बऱ्याचदा एकही सापडत नाही. पहिल्याच्या प्रतिकारशक्तीला कृमीनं गप्प बसवलेलं असतं. आयजीजी-4 नावाची प्रतिपिंडं त्याच्यात भरपूर असतात. दुसऱ्याचं शरीर लढतं आणि त्या लढाईत त्याच्याच लसिकावाहिन्या खराब होतात. परजीवींच्या प्रतिकारशास्त्रातला हा मोठा प्रश्न महाराष्ट्रात सेवाग्रामला हाताळला गेला. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हत्तीरोगाच्या रक्तचाचण्यांवर निबंध लिहिले. बँक्रॉफ्टी सहजासहजी प्रयोगशाळेतल्या उंदरांत वाढत नाही. त्यामुळे त्यांनी बाधित माणसांच्या रक्तातून जिवंत पिल्लं वेगळी केली, ती पोषक द्रावणात ठेवली आणि त्यांनी बाहेर टाकलेली प्रथिनं चाचणीला वापरली.

त्यांच्या चाचणीतलं पेनिसिलिनेजचं काम मला फार आवडतं. रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडं असतील तर हे विकर चाचणीत टिकून राहतं, पेनिसिलिन फोडतं आणि स्टार्च-आयोडिनचा निळा रंग उडतो. महागडं यंत्र नको, डोळ्यांना दिसतं. ग्रामीण दवाखाना नजरेसमोर ठेवून केलेलं शास्त्र ते हेच.

आता अशा शास्त्रज्ञाचं माप कसं घेतात? त्याचे निबंध दुसऱ्यांनी किती वेळा संदर्भाला घेतले यावरून. युजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला. 2005 मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स मांडला. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ मिळाले, त्याचा अंक वीस. कोणाचं लिखाण पुढच्यांच्या उपयोगी पडलं हे त्यातून कळतं, आणि ते कळायलाही हवं. पण कर्करोगावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगात किती आणि हत्तीपायावर किती? संदर्भ देणारेच मोजके, तिथं अंक मोठा होणार कसा! शिवाय चाचणी आरोग्य केंद्रात रुळली की तिच्या मूळ निबंधाचं नाव कोणी घेत नाही. पथकातला कर्मचारी वहीत निकाल लिहितो. तो निकाल कुठल्याच यादीत संदर्भ म्हणून धरला जात नाही.

चाचण्यांकडे परत वळायचं तर, गॅरी वाइल आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये प्रौढ कृमीचा अंश रक्तात ओळखणारी चाचणी मांडली. तो अंश दिवसाही रक्तात असतो. त्याच वाटेनं पुढे झटपट निकालाचं कार्ड आलं, आणि रात्री दारं वाजवण्याचं काम पुष्कळ ठिकाणी कमी झालं. काचपट्टी अजून लागते ती रक्तात पिल्लं फिरतायत का हे पाहायला, कारण डासांमार्फत रोग पसरतो तो त्यांच्यामुळे.

तामलवाडीत त्या रात्री एका ओसरीवर आजींनी हात मागे घेतला. "मला कायबी झालं न्हाई बाबा. आजाऱ्याचं घ्या की."

"आजी, धडधाकट दिसणाऱ्यांचंच आधी बघावं लागतंय," कर्मचारी म्हणाला. आजींनी बोट पुढं केलं.

त्याचं म्हणणं प्रयोगशाळेतही तितकंच खरं आहे. रोगाच्या प्रदेशात राहूनही ज्यांना रोग नाही, रक्तात पिल्लंही नाहीत, अशांचा गट या विषयात तुलनेला घ्यावाच लागतो. चाचणी कुठल्या आकड्याच्या वर गेली म्हणजे बाधा धरायची, ती रेघ आखताना त्यांचं रक्तही पाहतात. पट्टीत पिल्लं सापडली तर त्या माणसाला बारा दिवस डीईसी या औषधाच्या गोळ्या मिळतात. सापडली नाहीत तर आजींना कोणी कळवायलाही येणार नाही. निबंधात असे लोक एका ओळीत येतात, वयोगट आणि संख्या एवढ्यापुरते. त्या ओळीवाचून पुढचा एकही तक्ता उभा राहत नाही.