तीन हजारांचा दिवा

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लुशियन नावाचा एक खवचट लेखक होऊन गेला. पुस्तकांचा ढीग जमवणाऱ्या, पण त्यांतले काही न कळणाऱ्या एका धनिकाची त्याने एका लेखात यथेच्छ टर उडवली आहे. त्याच लेखात एका दिव्याची हकिकत येते. एपिक्टेटस या तत्त्ववेत्त्याचा साधा मातीचा दिवा कुणीतरी तीन हजार द्राक्मा मोजून विकत घेतला. रात्री त्याच्या उजेडात वाचत बसले, की त्या म्हाताऱ्याचे शहाणपण झोपेत आपोआप आपल्यात उतरेल, अशी त्या गृहस्थाची समजूत!

ही हकिकत वाचून मी पोटभर हसलो होतो. हसू ओसरल्यावर लक्षात आले, की तसलाच एक दिवा माझ्याही टेबलावर आहे.

एपिक्टेटस हा जन्माने गुलाम. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस गावचा, पायाने अधू. पुढे तो मुक्त झाला आणि ग्रीसमधल्या निकोपोलिस येथे शिकवू लागला. त्याने स्वतः एक ओळही लिहिली नाही. आरियन नावाच्या शिष्याने त्याची प्रवचने टिपून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. तो ज्या पंथाचा, त्याची सुरुवात इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये झाली. सायप्रस बेटावरून आलेला झेनो तिथल्या एका चित्रांनी सजवलेल्या ओसरीत बसून शिकवीत असे. ओसरीला ग्रीक भाषेत ‘स्टोआ’ म्हणतात, म्हणून हे लोक स्टोइक. थोडक्यात, हे ओसरीवरचे तत्त्वज्ञान!

त्याचे सार दोन वाक्यांत सांगता येते. शरीर, पैसा, पद, लोकांचे आपल्याविषयीचे मत हे शेवटी आपल्या हाती नसते. आपल्या हाती असते ते एवढेच, की घडलेल्या गोष्टीचा अर्थ आपण काय लावतो आणि त्यावर कसे वागतो. एपिक्टेटसच्या घरातला लोखंडी दिवा एकदा चोरीला गेला. उद्या मातीचा आणू, असे म्हणून त्याने विषय संपवला. चोराने मात्र एका दिव्यापायी स्वतःला चोर करून घेतले, म्हणजे सौदा त्यालाच महाग पडला, असा त्याचा हिशेब होता. लुशियनच्या हकिकतीतला दिवा मातीचा का, याचे उत्तर बहुधा इथेच असावे.

हे सगळे मला पाठ होते. म्हणूनच पुढचे सांगायला जड जाते.

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, अखेरच्या वर्षांत विस्मरणाने ग्रासले. अर्ध्या तासापूर्वी जेवलो हे आठवत नसे. पण जन्मभर जिवाला लावून घेतलेल्या काळज्या तेवढ्या शाबूत होत्या. ‘लाइटबिल भरलंस का रे?’ हा त्यांचा प्रश्न. एका रविवारी दुपारी मी सेनेकाचा क्रोधावरचा ग्रंथ घेऊन बसलो होतो. पाचव्यांदा तोच प्रश्न आला, तेव्हा ते पुस्तक टेबलावर आपटून मी ओरडलो, ‘भरलं, भरलं, भरलं! किती वेळा सांगू?’

अण्णा दचकले. ‘बरं, बरं,’ म्हणाले आणि भिंतीला धरून आत गेले. ज्यांनी वर्षानुवर्षे रांगेत उभे राहून घराचे बिल मुदतीत भरले, ते आपल्याच घरात चोरासारखे आत गेले. आणि मी क्रोधावरचे पुस्तक आपटून क्रोध केला होता.

त्या रात्री मी तेच पुस्तक पुन्हा उघडले, या वेळी गरजू माणसासारखे. सेनेका म्हणतो, रागाच्या पायऱ्या असतात. पहिली म्हणजे अंगावर येणारी शिरशिरी, चढणारे रक्त. ती आपल्या हाती नाही. गार पाणी अंगावर पडले की काटा येतो तशीच ती. दुसऱ्या पायरीवर मन निवाडा करते, की माझ्यावर अन्याय झाला, आता परतफेड केली पाहिजे. इथे अजून मागे फिरता येते. तिसऱ्या पायरीवर लगाम सुटलेला असतो. म्हणून रागावरचा मोठा उपाय म्हणजे विलंब. सारी साधना आहे ती या दुसऱ्या पायरीवर थांबण्याची.

माझा निवाडा कोणता होता? ‘हे मला छळतात.’ वस्तुस्थिती एवढीच होती, की एक म्हातारा माणूस घाबरला होता. छळाचा अर्थ मी माझ्या पदरचा जोडला होता. दुसऱ्या दिवशी मी बिलाची पावती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग ते अधूनमधून ती काढून बघत आणि तासभर निश्चिंत होत. प्रश्न थांबला नाही. पण मला उत्तर देता येऊ लागले.

याच तत्त्वावर १९५० च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी आपली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती उभी केली आणि एपिक्टेटसचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. हे तत्त्वज्ञान म्हणजे माणसाचा दगड करणे, हा समज मात्र चुकीचा आहे. मार्कस ऑरेलियसचा एक शिक्षक वारला आणि तो रडू लागला. राजवाड्यातले लोक त्याला आवरू लागले, तेव्हा त्याला दत्तक घेणारा सम्राट अँटोनायनस म्हणाला, की त्याला माणूस राहू द्या. अशी आठवण एका जुन्या चरित्रात आहे. हाच मार्कस इ. स. १६१ मध्ये सम्राट झाला. त्याच्या वाट्याला साथ आली, लढाया आल्या, पोटच्या मुलांचे मृत्यू आले. या धामधुमीत त्याने स्वतःसाठी ग्रीक भाषेत टिपणे लिहिली. त्यांत तो स्वतःलाच पुनःपुन्हा तेच बजावतो. आपल्याकडे समर्थांनी मनाला उपदेश केला तो सर्वांसाठी. मार्कसने केला तो एकट्या मार्कसला. ज्या रस्टिकसने त्याला एपिक्टेटसची प्रवचने वाचायला दिली, त्याच्यावरही आपण अनेकदा चिडलो, असे तो कबूल करतो. पण पुढे पस्तावा होईल असे हातून काही घडले नाही, याबद्दल देवांचे आभार मानतो. गुलामाकडून सम्राटाकडे आलेला हा खरा दिवा. तो मिळाल्यावरही सम्राटाला राग येतच होता!

या पंथाला मर्यादा नाहीत असे नाही. मनाचे स्वातंत्र्य शिकवणाऱ्या या मंडळींनी गुलामगिरी मोडायला मात्र सांगितले नाही. सेनेका साधेपणाचे गोडवे गात असताना अफाट संपत्ती बाळगून होता, नीरोचा सल्लागार होता आणि अखेर इ. स. ६५ मध्ये त्याच नीरोच्या हुकमाने त्याला स्वतःचा जीव द्यावा लागला. पण त्याची एक सवय मी उचलली. रात्री दिवा मालवल्यावर तो दिवसभराच्या वागण्याचा स्वतःशी झाडा घेई. काही लपवीत नसे, आणि पुन्हा असे करू नकोस, या खेपेला माफ, असे स्वतःला सांगे.

अलीकडे मोबाइलवर रोज सकाळी मार्कसचे म्हणून एखादे सुभाषित येऊन पडते. ते पुढे पाठवले, की आपण शहाणे झाल्यासारखे वाटते. तीन हजार द्राक्मा मोजणाऱ्या त्या गृहस्थालाही असेच वाटले असेल.

अण्णा जाऊन आता काही वर्षे झाली. त्या रविवारपासून सुरू केलेली वही अजून चालू आहे. पहिल्या पानावर एकच ओळ आहे: ‘अण्णांवर ओरडलो.’ कालच्या पानावर रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून घातलेली हुज्जत आहे. दहा रुपयांसाठी.