आजीचे शब्द आणि एक अक्षर

"काकू, आजीचे सगळे शब्द गेले!" पुतणी रडवेली होऊन सांगत होती.

माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या. उतरंड, वैल, शिंकं, रोवळी, कणगी हे शब्द अजून त्यांच्या तोंडी आहेत. कॉलेजात कॉम्प्युटर शिकणाऱ्या पुतणीने ते साठवायला पायथॉन भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. (सापाशी याचा संबंध नाही हं! गीदो व्हान रॉसम यांनी १९९१ साली आणलेल्या या भाषेचं नाव एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून आलंय.) पहिल्या दिवशी आजीजवळ बसून तिने ४० शब्द घातले. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम चालू करून एक घातला, आणि फाईल उघडून बघते तर तो एकटाच!

मैत्रिणींनो, मी बी. ए. मराठी. प्रोग्रॅममधलं मला ओ की ठो कळत नाही. पण बचत गटाच्या वह्या तपासण्यात पंधरा वर्षं गेलीत. म्हटलं, "एकेक ओळ वाच आणि ती काय करते ते मला मराठीत सांग."

तिसऱ्याच ओळीला गाडी अडली. फाईल उघडताना तिने 'डब्ल्यू' हे अक्षर दिलं होतं.

"म्हणजे लिहायला उघड."

"मग आधीच्या पानांचं काय होतं?"

ती गप्प. पुस्तक काढून पाहिलं. डब्ल्यूने फाईल उघडली की जुना मजकूर त्याच क्षणी पुसला जातो, पुढे काही लिहा वा न लिहा. खाली भर घालायची तर 'ए' द्यायचा. आमच्या गटाच्या सचिवबाई दर महिन्याला जुनी वही बंबात घालून नवी करू लागल्या तर? तसंच की हे!

मग दुसरी गंमत. आलेला शब्द पुन्हा घेऊ नये अशी ओळ असूनही 'वैल' दोनदा आला. फाईलमधून वाचलेल्या प्रत्येक शब्दाच्या शेपटीला 'ओळ संपली' अशी न दिसणारी खूण असते. ती 'स्ट्रिप'ने झटकली नाही तर कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

चुकलेला शब्द काढताना मात्र पूर्ण यादी पुन्हा लिहावी लागते. मी विचारलं, "मध्येच लाईट गेली तर?" जुनी वही टाकण्याआधी नवी उतरवून घ्यायची, हा आमचा गटाचा नियम. तेच तिने केलं. यादी आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहायची, पूर्ण झाली की जुनीच्या जागी ठेवायची. खरं सांगू, मला भारी वाटलं!

एक गोष्ट अजून अडलीय. यादी अक्षरवार लावली की 'हळद' आधी येते आणि 'हवा' नंतर. कॉम्प्युटरच्या युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर, व च्या आधी बसवलाय. आपल्या शब्दकोशात तो ह नंतर. आपला क्रम प्रोग्रॅमला वेगळा शिकवावा लागणार.

संध्याकाळी आम्ही दोघी पुन्हा सासूबाईंजवळ बसलो. "अगं, परवाच तर सांगितले सगळे," म्हणत त्यांनी सुरुवात केली. जुन्या घरातली माजघर, पडवी, परसू अशी एकेक जागा आठवत गेल्या. ३६ शब्द परत आले. उरलेले चार कोणते होते, ते त्यांना सांगता येईना आणि आम्हालाही.