आपल्या शेताला ट्रॅक्टर केवढा हवा?



गावात कोणाच्या दारी नवा ट्रॅक्टर उभा राहिला, हार-नारळ झाला, की शेजारच्या घरात बोलणे निघते : "आपणही घ्यावा का?" प्रश्न वाईट नाही. परंतु त्याचे उत्तर हार पाहून देण्यापेक्षा पाटी-पेन्सिल घेऊन दिलेले बरे. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला की त्याचे हप्ते फेडायला वर्षे लागतात, आणि त्यासाठी जमीन तारण असली तर बोजा सात-बाराच्या उताऱ्यावर चढतो.

उदाहरणादाखल दहा एकरांची, म्हणजे सुमारे ४ हेक्टरांची, मिश्र शेती घेऊ. जमीन काळी. थोडा ऊस, थोडी कपाशी, रब्बीला ज्वारी-हरभरा, आणि गोठ्यात चार दुभती जनावरे. अशा शेताला केवढा ट्रॅक्टर पुरेल?

प्रथम अश्वशक्ती म्हणजे काय ते पाहू. ७५ किलो वजन एका सेकंदात १ मीटर उचलायला जी शक्ती लागते, ती एक अश्वशक्ती. चांगली बैलजोडी सतत काम करताना सुमारे एवढीच शक्ती देते. मग चाळीस कशाला हवेत? तर ट्रॅक्टर खोल नांगरतो, भराभर चालतो, आणि मागचा पीटीओचा दांडा फिरवून रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्रही चालवतो. इंजिनाची सगळी शक्ती मात्र या दांड्यावर येत नाही. काही वाटेतच खर्च होते. म्हणून विकत घेताना "इंजिन किती एचपी?" एवढेच विचारून थांबू नका, "पीटीओवर किती?" हेही विचारा.

पाच फुटी रोटाव्हेटर, दोन फाळांचा नांगर आणि उसाची किंवा चाऱ्याची ट्रॉली, एवढी कामे असतील तर साधारण ३५ ते ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरे होतो. त्याहून मोठा घेतला तर डिझेल जास्त, लहान तुकड्यात बांधापाशी वळायला अडचण, आणि वजनाने काळी जमीन दबते. वाफसा येण्यापूर्वी जड चाक फिरले की खालची माती घट्ट होते, मुळे खाली उतरत नाहीत आणि पाणी मुरत नाही.

आता तासांचे गणित करू. दोन फाळांचा नांगर ६० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा उलटतो. ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटर चालला, तर तासात २,४०० चौरस मीटर जमीन होते. वळणे आणि थांबणे यांत चौथा हिस्सा गेला, असे धरा. उरले १,८०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १८ गुंठे. या हिशेबाने दहा एकरांची नांगरणी बावीस-तेवीस तासांत उरकते! कुळवाच्या पाळ्या, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी, वाहतूक हे सारे मिळवून वर्षाचे दीडशे तास धरू.

समजा, ट्रॅक्टर ७ लाखांना घेतला आणि दहा वर्षांनी तो २ लाखांना गेला. म्हणजे दरवर्षी ५० हजारांची झीज झाली. सरासरी साडेचार लाख रुपये त्यात अडकून पडतात. त्यांवर शेकडा १० प्रमाणे व्याज ४५ हजार. विमा आणि निवारा ५ हजार. एकूण १ लाख. ट्रॅक्टर चालो वा उभा राहो, हा खर्च चुकत नाही. दीडशे तासांवर वाटला तर तासाला सुमारे ६६७ रुपये पडतात. पाचशे तासांवर वाटला तर फक्त २००. डिझेल, चालक आणि दुरुस्ती निराळी. आकडे तुमच्या गावचे घाला, रीत हीच ठेवा.

आता गावात भाड्याचा ट्रॅक्टर तासाला काय घेतो ते पाहा. त्यातून डिझेल, चालक, दुरुस्ती वजा करा. बाकी ६६७ हून कमी राहिली, तर भाड्याचाच स्वस्त. पण तुम्ही म्हणाल, "वाफशाला भाडेकरी वेळेवर येत नाही, त्याचे काय?" हे खरे आहे. चार दिवस पेरणी लांबली तर पिकाचे नुकसान होते. म्हणून तीन-चार घरांनी मिळून एक ट्रॅक्टर घ्यावा, पाळ्या आधीच लिहून ठेवाव्यात, किंवा गावच्या अवजारे बँकेत आगाऊ नाव नोंदवावे.

घेण्याचेच ठरले तर चाचणी-अहवाल मागून वाचा. मध्यप्रदेशात बुधनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. पीटीओची शक्ती, लिफ्ट किती वजन उचलते, डिझेल किती लागते, हे अहवालात आकड्यांनी दिलेले असते. सुटे भाग आणि मिस्त्री जवळच्या बाजारगावी मिळतात का, हेही पाहा. ऐन पेरणीत बंद पडलेला ट्रॅक्टर कितीही नामांकित असला तरी काय कामाचा?

शेवटी जिवाची गोष्ट. फिरत्या पीटीओवर झाकण हवेच. धोतराचा सोगा किंवा पदर त्यात गुंतला की माणूस ओढला जातो. ओढायचे वजन नेहमी खालच्या दांडीलाच जोडा. वर बांधले तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेकांचे पायटे एकमेकांना जोडून घ्या, नाहीतर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर गरकन वळतो.

शिक्षकांनी वरचे गणित वर्गात फळ्यावर घालावे आणि मुलांनी घरच्या शेताचे आकडे आणावेत. सही करण्यापूर्वी घरच्या कर्त्याने मुलाची ती वही एकदा पाहावी, एवढीच विनंती.