चौथीतला दादा, पाचवीतला छोटू

मैत्रिणींनो, जून उजाडला की गणवेश, वह्या, रेनकोट यांची आपली धावपळ सुरू होते. पण गावच्या शाळेतली चौथी संपवून तुमचं मूल हायस्कूलच्या पाचवीत जाणार असेल, तर त्याच्या मनाचीही तयारी करायला हवी.

चौथीपर्यंत बहुतेक एकच बाई किंवा गुरुजी सगळं शिकवतात. मुलाचं घर, त्याचा रुसवा, सगळं त्यांना ठाऊक असतं. पाचवीत घंटा झाली की तास बदलतो, शिक्षकही बदलतात. जुन्या शाळेतला दादा इथे एकदम सगळ्यांत लहान होतो. ‘भीती वाटते’ असं मुलं सांगत नाहीत. सकाळी पोट दुखतं, डबा तसाच परत येतो.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गाची एक हुशार मुलगी जुलैतच शाळा बुडवू लागली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, कुठल्या तासाला कुठली वही याचा तिचा गोंधळ व्हायचा, मग वर्गात उभं राहावं लागायचं. वेळापत्रक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलं, रात्रीच दप्तर भरायची सवय लावली. पंधरा दिवसांत ती हसत शाळेत जाऊ लागली.

शाळा सुरू होण्याआधी मुलाला एकदा तिथे नेऊन आणा. वर्ग, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह दाखवा. लाजेपोटी दिवसभर पाणी न पिणारी मुलं मी पाहिली आहेत. मुलगी असेल तर पाळीबद्दल आधीच मोकळेपणी सांगून ठेवा. संध्याकाळी ‘काय शिकवलं?’ याआधी ‘आज कोणाशेजारी बसलास?’ असं विचारा.

राज्यात २०२३-२४ पासून पाचवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालं तर पुन्हा एक संधी मिळते, तीही हुकली तर मूल त्याच वर्गात राहतं. म्हणून मार्च-एप्रिलची वाट बघू नका. दिवाळीआधीच वर्गशिक्षकांना भेटा, कुठे अडतंय ते विचारा.

आणि शाळा लांब आहे म्हणून मुलीला घरी बसवू नका गं! ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. शाळेत चौकशी करा, शेजारणीलाही सांगा. दोघी-तिघी मिळून निघाल्या की वाटही सोपी होते.