बीएफए झालं, पुढं काय? आर्ट कॉलेजातून पहिल्या बिलापर्यंतचा रस्ता नेमका असतो कसा

पुणे-सोलापूर हायवेनं भिगवण मागं टाकलं की डाळज लागतं. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला उजनीचं पाणी. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला कॅमेरेवाले भिगवण आणि कुंभारगावला येतात. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, त्याचेही फोटो निघतात. आता याच पट्ट्यातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला फोटो नाही, चित्र काढायचंय आणि त्यावरच पोट भरायचंय. तर त्याचा रस्ता कसा असतो?

सुरुवात शाळेतच होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षा महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक शाळेत माहिती असतात. बहुतेकजण बसतात ते मार्कांसाठी, कारण इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ मार्क वाढतात, बीला ५ आणि सीला ३. त्यातल्या एखाद्याच्या वहीकडं बघून चित्रकलेचे सर म्हणतात, “तू आर्टला जा.” आणि घरी पहिली बैठक बसते.

बारावीनंतर सीईटी द्यायची आणि ४ वर्षांचं बीएफए करायचं, हा मुख्य रस्ता. पेंटिंग, शिल्पकला, अप्लाइड आर्ट, टेक्स्टाइल, सिरॅमिक अशा शाखा असतात. इंदापूर-बारामतीकडच्या पोरांना जवळचं म्हणजे पुणं, तिथं अभिनव कला महाविद्यालय आणि भारती विद्यापीठाचं कॉलेज आहे. मुंबईचं सर जेजे स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं. २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शिक्षकच व्हायचं असेल तर एटीडी, म्हणजे कला शिक्षक पदविका, हा २ वर्षांचा छोटा रस्ता.

पूर्वी घरचे या एटीडीलाच राजी व्हायचे. कारण सोपं होतं, झेडपीत नाहीतर एखाद्या संस्थेत चित्रकला शिक्षक म्हणून चिकटला की पोरगं मार्गी लागलं. आता या गणितावर विसंबून राहता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यासाठी निदेशक हवा असं लिहिलंय, पण तो ‘अंशकालीन’. एका शब्दानं पूर्ण पगाराच्या नोकरीचं तासिकेवरचं काम झालं. जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, ही कलाशिक्षक संघटनांची तक्रार जुनी आहे. त्यामुळं एटीडी करू नये असं नाही, पण ‘डिप्लोमा झाला की नोकरी’ हे समीकरण धरून कुणी करू नये.

राहिला बीएफएचा विषय. इथं शाखेनुसार नशीब बदलतं. अप्लाइड आर्टवाल्यांना जाहिरात एजन्सी, पॅकेजिंग, अॅनिमेशन, गेमिंग, ॲपचं डिझाइन, सोशल मीडियाची क्रिएटिव्हं असं बरंच काही समोर असतं. पेंटिंग आणि शिल्पकलेवाल्यांसाठी ‘नोकरी’ नावाची गोष्टच अंधूक असते. पण दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट सारखी, ती म्हणजे मुलाखतीत मार्कशीट शेवटी बघतात, आधी पोर्टफोलिओ.

आणि पोर्टफोलिओत बहुतेकजण मार खातात. पहिल्या वर्षापासूनचं सगळं त्यात भरतात. स्टिल लाइफ, ड्रेपरी, मेमरी ड्रॉइंग, सगळं. बघणाऱ्याला ४० कामं बघायला वेळ नसतो, आणि त्यातलं सगळ्यात कच्चं काम त्याच्या लक्षात राहतं. दहा-बारा नेमकी कामं, प्रत्येकाखाली दोन ओळी की प्रश्न काय होता आणि तो असा का सोडवला, एवढं पुरतं. पॅकेजिंगची नोकरी हवी असेल तर पॅकेजिंगच दाखवायचं. कॉलेजात सगळ्यांना एकच असाइनमेंट असते, म्हणजे समोरच्यानं तेच चहाचं पाकीट त्याच दिवशी पाचव्यांदा बघितलेलं असतं. अशा वेळी गावाकडचा पोरगा भिगवणच्या मासळी बाजारासाठी एखादं पॅकेजिंग किंवा पाट्यांची मालिका करून गेला तर त्याच्याकडं दुसऱ्यांदा बघितलं जातं. गावाकडचं असणं इथं भांडवल ठरतं, फक्त ते फ्लेमिंगोच्या पोस्टकार्डापुरतं राहू नये.

बरं, नोकरी धरली म्हणजे ‘कलाकार संपला’ असं कॉलेजच्या कट्ट्यावर बोललं जातं. इतिहास तसं सांगत नाही. एम. एफ. हुसेन पंढरपूरला जन्मले, म्हणजे उजनीच्या खाली याच भीमेच्या काठावर. मुंबईत त्यांनी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली, नंतर लहान मुलांचं फर्निचर आणि खेळणी डिझाइन करायची नोकरी केली. पहिलं स्वतंत्र प्रदर्शन व्हायला १९५० उजाडलं, तेव्हा ते पस्तिशीत होते. प्रभाकर बरवे जेजेतून बाहेर पडून १९६१ पासून १९८२ पर्यंत विणकर सेवा केंद्रात होते. हातमागाच्या कापडासाठी डिझाइन करायचं हे तिथलं काम. त्यांची चित्रं त्याच काळात घडत गेली. सुधीर पटवर्धन तर आर्ट कॉलेजला गेलेच नाहीत. पुण्याच्या एएफएमसीतून डॉक्टर झाले आणि २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत चित्रं काढत राहिले. दीनानाथ दलालांनी मासिकं, दिवाळी अंक आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर अख्खी कारकीर्द उभी केली, आणि मराठी घराघरांत चित्र पोचलं ते अशाच कामांतून.

अगदी शेजारचं उदाहरण हवं असेल तर उजनीच्या पलीकडं जेऊर आहे. तिथल्या नागराज मंजुळेंनी नगरला मास कम्युनिकेशन शिकताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढं २०१३ ला ‘फँड्री’, २०१६ ला ‘सैराट’ आला. कॉलेजचं शेवटचं काम फक्त मार्कांसाठी उरकायचं की बाहेर दाखवता येईल असं करायचं, यानं किती फरक पडतो बघा.

आता खरा विषय. कॉलेजात शरीररचना शिकवतात, रंगशास्त्र शिकवतात, पण स्वतःच्या कामावर आपला हक्क किती, हे फारसं कुणी शिकवत नाही. आणि पहिला फटका तिथंच बसतो.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. साधा नियम असा की ज्यानं कलाकृती केली, तोच तिच्या कॉपीराइटचा पहिला मालक. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, काम पूर्ण झालं की हक्क आपोआप मिळतो आणि कलाकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. पण कलम १७ मध्ये अपवाद आहेत. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं. आणि कुणी पैसे देऊन फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक पैसे देणारा.

म्हणजे समजा, एखाद्या साखर कारखान्यानं संस्थापकांचं पोर्ट्रेट काढून घेतलं. चित्रकाराला एकदाच पैसे मिळाले. पुढं तेच पोर्ट्रेट कारखान्याच्या कॅलेंडरवर, डायरीवर, बॅनरवर आलं, तर चित्रकाराला वेगळे पैसे मागता येत नाहीत. ‘कॉपीराइट चित्रकाराकडं राहील, छापायचं असेल तर वेगळं मानधन’ अशी एक ओळ आधी ठरली असती तर चित्र उलटं असतं. गंमत म्हणजे या अपवादाच्या यादीत शिल्प नाही. त्यामुळं खासगी कामात शिल्पकाराची बाजू थोडी बरी असते. सरकारी कामाला मात्र वेगळा नियम आहे, तिथं करार नसेल तर हक्क सरकारकडं जातो.

हक्क विकायचेच असतील तर ते तोंडी विकता येत नाहीत. लेखी कागद आणि सही लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापलेल्या कागदावर सही करताना आपण काय देतोय, हे यावरून कळेल.

अजून एक तरतूद फार कमी जणांना माहिती असते. मूळ चित्र पुढं १० हजारांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. कलम ५३ अ. पण हा वाटा कॉपीराइटच्या पहिल्या मालकालाच मिळतो. म्हणजे कराराशिवाय काढून दिलेल्या पोर्ट्रेटवर तोही गेला.

कॉपीराइट विकला तरी एक गोष्ट कलाकाराकडं राहते, ती म्हणजे नाव आणि कामाची अब्रू. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं मोठं ब्राँझ म्युरल होतं. १९७९ मध्ये ते उतरवून गोदामात टाकलं आणि त्याची मोडतोड झाली. सहगल कोर्टात गेले. दिल्ली हायकोर्टानं २००५ मध्ये म्युरल त्यांना परत द्या आणि ५ लाख भरपाई द्या, असा निकाल दिला. म्युरल सरकारी मालकीचं असूनही.

हे झालं कायद्याचं. व्यवहारात गावाकडं अडचण वेगळीच असते. ग्राहक अनोळखी नसतो, तो मामा असतो, दाजी असतो, नाहीतर सरपंचांचा पाहुणा. “घरचंच काम हाय, पैशाचं बघू की नंतर.” कागदावर सही घ्यायला जीभ रेटत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे व्हॉट्सॲपवर सरळ मजकूर टाकायचा: काम काय, आकार किती, दुरुस्त्या किती वेळा, रक्कम किती, निम्मे पैसे आधी, आणि छापायचे हक्क कुणाचे. समोरून ‘चालेल’ आलं की निदान पुरावा तयार होतो. निम्मे पैसे आधी मागितल्यावर जो रुसतो, तो नंतर उरलेलेही देत नाही, असा या धंद्यातल्या बऱ्याच जणांचा अनुभव.

कंपनीकडं बिल अडकलं तर? इथं उद्यम नोंदणी कामाला येते. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, एकटा फ्रीलान्सरसुद्धा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवू शकतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. दाद मागायला राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिल आहेत. नोंदणी मात्र काम घेण्याआधी झालेली हवी.

कंपन्या बिलातून १० टक्के टीडीएस कापतात, तेव्हा नवख्यांना पैसे बुडाल्यासारखं वाटतं. ते बुडत नाहीत, उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात. फक्त रिटर्न भरावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. जीएसटीची धास्ती घ्यायचं कारण नाही, सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणी लागत नाही.

गावात राहून काम मिळतं का? मिळतं. शाळांच्या बोलक्या भिंती, मंदिराची शिखरं, गणेशमूर्ती, बारामतीच्या कृषी प्रदर्शनातले स्टॉल, दुधाच्या आणि गुळाच्या ब्रँडची लेबलं. फ्लेक्सनं पेंटरांचा धंदा खाल्ला हे खरं, पण फ्लेक्सचं डिझाइनही कुणीतरी करतंच. भिगवणजवळ भादलवाडीला कागदाची मिल आहे, तिथला कोटेड कागद छपाईला जातो. कॅलेंडर आणि आर्ट बुक ज्या प्रकारच्या गुळगुळीत कागदावर छापतात, तो डाळजच्या हाकेच्या अंतरावर तयार होतो. त्यावर छापायचं चित्र मात्र बहुतेक वेळा पुण्या-मुंबईतून येतं.

शिल्पकारांसाठी गावोगावचे पुतळे हे मोठं काम. पण सार्वजनिक पुतळ्याला सरकारी परवानगी लागते आणि मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मंजुरी. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा अनावरणानंतर ९ महिन्यांच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. संचालनालयानं मंजूर केलेलं मॉडेल ६ फुटांचं होतं, हे नंतर समोर आलं. एवढ्या उंचीला शिल्पकाराबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. पहिलंच मोठं काम हातात आल्यावर ‘मी बघतो सगळं’ म्हणायचा मोह आवरता आला पाहिजे.

राहिली प्रदर्शनं. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. तिथं तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, त्यामुळं पास झाल्या झाल्या अर्ज टाकून विसरून जायचं. तोवर १८८८ पासून चालत आलेली बॉम्बे आर्ट सोसायटी आहे, तिचं वार्षिक प्रदर्शन होतं. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी आणि कलाकार असे वेगळे विभाग असतात. पुण्यात बालगंधर्व कलादालन आहे. गॅलरीनं चित्र विकून दिलं तर ती तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमिशन घेते. किंमत लावताना हे आधीच धरावं लागतं, कारण गॅलरीत एक भाव आणि इन्स्टाग्रामवर दुसरा, असं केलं की गॅलरी पुन्हा उभं करत नाही.

आणि केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. दरमहा ५ हजार, २ वर्षं. दृश्यकलाही त्यात येते. वयाची अट १८ ते २५, शिवाय किमान ५ वर्षांच्या प्रशिक्षणाची अट आहे. बीएफए साधारण बाविसाव्या वर्षी संपतं, म्हणजे अर्ज करायला हातात तीनेक वर्षं राहतात. घरून ‘नोकरीचं काय झालं’ असं विचारणंही साधारण त्याच तीन वर्षांत सुरू असतं.