कार्यकारी स्मृतीचे प्रशिक्षण आणि मेधावर्धन

परीक्षांचे दिवस जवळ आले की नागपुरातील वैद्यांच्या चिकित्सालयांत 'मुलाची स्मरणशक्ती वाढेल असे काही द्या' ही मागणी हमखास होते. अलीकडे तिला जोडून दुसराही प्रश्न येतो : अबॅकसच्या वर्गाने किंवा मोबाइलवरील मेंदूच्या खेळांनी बुद्धी वाढते काय? संशोधनाने याचे बऱ्याच अंशी उत्तर दिलेले असून ते वैद्यवर्गास ज्ञात असणे अगत्याचे आहे.

माहिती काही सेकंद मनात धरून त्याच वेळी तिच्यावर काम करण्याची जी क्षमता, तिला 'वर्किंग मेमरी' अर्थात कार्यकारी स्मृती म्हणतात. तोंडी बेरीज करताना हातचा लक्षात ठेवणे हे तिचेच कार्य होय. या स्मृतीच्या सरावाने नवे प्रश्न सोडविण्याची बुद्धीही वाढते, असा निष्कर्ष २००८ मध्ये सुझान येगी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. मात्र त्यातील तुलनेच्या गटास कोणताही सराव दिलेला नव्हता. २०१३ मध्ये रेडिक व सहकाऱ्यांनी तुलनेसाठी एका गटास वेगळ्या प्रकारचा सराव दिला, तेव्हा तो लाभ आढळला नाही. २०१६ मध्ये ८७ प्रकाशनांच्या एकत्रित विश्लेषणातूनही हेच दिसले : ज्याचा सराव केला त्यात व त्यासारख्या कामांत प्रगती होते; वाचन, गणित वा सर्वसाधारण बुद्धी यांवर खात्रीलायक परिणाम होत नाही.

आपल्या शेजारच्या बडोद्यातील अध्ययन विशेष उद्बोधक आहे. तेथील २०४ शालेय मुलांपैकी काहींना तीन वर्षे अबॅकस, तर इतरांना तेवढाच वेळ नेहमीच्या पद्धतीचे अतिरिक्त गणित शिकविण्यात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अबॅकसच्या मुलांचे अंकगणित अधिक सुधारले. परंतु त्यांची कार्यकारी स्मृती वा अन्य मूलभूत बौद्धिक क्षमता वाढल्याचे दिसले नाही.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात स्मृतीची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांत 'अभ्यास' आहे, तसेच 'सादृश्य'ही आहे. हे विवेचन स्मरण कसे उत्पन्न होते याविषयी आहे, प्रशिक्षणाच्या फलाविषयी नव्हे; म्हणून आधुनिक निष्कर्ष आपल्या ग्रंथांत आधीच होते, असा दावा करणे योग्य ठरणार नाही. तथापि अभ्यास हा विषयाशी निगडित असतो, हे उभयतांच्या विचारांशी सुसंगत आहे.

हाच काटेकोरपणा आपल्या द्रव्यांनाही लावावयास हवा. २००२ मध्ये रूडनरिस व सहकाऱ्यांनी ४० ते ६५ वयाच्या ७६ व्यक्तींवर तीन महिने ब्राह्मीचा प्रयोग केला. नव्याने शिकलेले विसरण्याचे प्रमाण घटले. शिकण्याचा वेग मात्र वाढला नाही. हा निष्कर्ष उत्साहवर्धक खरा, परंतु तो प्रौढांचा आहे. दहावीच्या विद्यार्थ्याच्या पालकांना तोच पुरावा म्हणून सांगणे अनुचित होय.

म्हणून पालकांना स्पष्ट सांगावे की, अबॅकस अंकगणितासाठी जरूर शिकवा, बुद्धिवर्धनाच्या आशेने नव्हे. ज्या विषयात प्रगती हवी, त्याच विषयाची उजळणी करून घ्यावी. मेध्य रसायनाची योजना करण्यापूर्वी मुलाची निद्रा, अग्नी, दृष्टी व श्रवण तपासावे आणि पांडुरोग नाही याची खात्री करावी. 'स्मरणशक्ती कमी' म्हणून आणलेल्या बालकास कधी केवळ फळ्यावरचे दिसत नसते. त्याला आधी चष्म्याची गरज आहे, हे ओळखणे हीदेखील चिकित्साच होय.