दारातल्या गाडीचा महिनेवार हिशेब

मैत्रिणींनो, वर्षाचं तिखट-मसाला, शाळेची फी, दिवाळीचा फराळ, या साऱ्याची तजवीज आपण आधीपासून करून ठेवतो. मग दारातल्या मोटारीच्या खर्चावरूनच दर वेळी घरात कुरबुर का व्हावी? "चांगली चालतेय ना, मग पैसे कशाला?" हा प्रश्न तुमच्याही घरी निघत असेल. गाडी न बिघडताही निघणारा हा खर्च आहे, हे आधी मनाशी धरायला हवं.

पूर्वी कुर्ल्याला तयार होणारी फियाट काय, अँबॅसडर काय, कार्बोरेटर साफ करणं, पॉइंट घासणं हे चालूच असायचं. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि मोटार मध्यमवर्गीयांच्या दारात उभी राहू लागली. आजच्या गाड्या वाटेत क्वचितच बंद पडतात. पण क्वचित म्हणजे कधीच नाही, असं नव्हे! शिवाय टायर, बॅटरी, ब्रेकचे पॅड, वायपरचं रबर या झिजायच्याच वस्तू. केरसुणी झिजली म्हणून आपण दुकानदाराशी भांडतो का?

तेव्हा वहीत गाडीचं एक पान करा. समजा, चार टायर 20 हजारांचे आणि ते पाच वर्षं चालले, तर महिन्याला 333 रुपये पडले. 4,800 रुपयांची बॅटरी चार वर्षं टिकली, तर महिना 100. वर्षाचं सर्व्हिसिंग 6,000, म्हणजे महिना 500. विमा 9,600, म्हणजे महिना 800. बेरीज झाली 1,733. अडीअडचणीचे थोडे धरून दोन हजार बाजूला टाका. हे आकडे नमुन्याचे, बरं का! तुमच्या गाडीचे आकडे गॅरेजमध्ये विचारून मांडा. पेट्रोल आणि कर्जाचा हप्ता यांत धरलेला नाही.

"गाडी फारशी बाहेरच काढत नाही," असं म्हणून सर्व्हिसिंग टाळू नका. उभ्या गाडीचंही ऑइल जुनं होतं, बॅटरी उतरते, ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात. जे आधी भरेल ते धरायचं.

यात नुसत्या पैशांचा प्रश्न नाही. गडहिंग्लज-चंदगड रस्त्यावरचं, प्रतापराव गुजरांच्या स्मारकामुळे साऱ्यांना ठाऊक असलेलं नेसरी घ्या. पावसाळी रात्री घरात कुणाला एकाएकी बरं वाटेनासं झालं आणि गडहिंग्लज, नाहीतर कोल्हापूर-बेळगाव गाठायची वेळ आली, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवी. त्या रात्री बॅटरीचे वाचवलेले पैसे काय कामाचे? पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यातच टायर, ब्रेक, वायपर आणि बॅटरी तपासून घ्या.

चार गोष्टी आपणही पाहू शकतो. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना टायरची हवा तपासावी. जादा चाक विसरू नये. ऑइलचा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला, तर "घरापर्यंत जाऊ" म्हणू नये. गाडी तिथंच बाजूला घेऊन बंद करावी. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये. पुराचं पाणी इंजिनात शिरल्याची शंका असेल, तर चावी फिरवूच नये. अशा वेळी चावी फिरवून झालेलं नुकसान साध्या विम्यात बहुधा मिळत नाही.

गॅरेजमधून गाडी आणताना बदललेला जुना भाग पाहायला मागा आणि पक्कं बिल घ्या. तारीख, किलोमीटर आणि रक्कम त्याच पानावर लिहा. पुढच्या खेपेला "एवढे कसे झाले?" असं कुणी विचारलं, तर पान उघडून समोर ठेवता येईल.